परक्या घरचं ताट

माझ्या आजोबांना शेवटपर्यंत सहा घरांच्या आमटीची चव आठवायची. शाळेसाठी ते खेड्यातून मिरजेला आले तेव्हा वार लावून जेवायचे. सोमवार वकिलांकडे, मंगळवार एका विधवा बाईंकडे, बुधवार वैद्यांकडे, असं. मंगळवारची आमटी पाणीदार, पण बाई दोनदा वाढायच्या. शुक्रवारी भातावर तूप पडायचं आणि तुपाबरोबर चार शब्दही ऐकून घ्यावे लागायचे. शनिवारला घर मिळालंच नाही. म्हणून शनिवारचा उपास सुरू झाला, तो ऐंशीव्या वर्षापर्यंत चालला. लोकांना वाटायचं, मारुतीचा आहे. आजोबाही कुणाची समजूत दुरुस्त करायला जायचे नाहीत.

हे सगळं मला एकदम आठवलं ते २०१७ च्या फेब्रुवारीत, इंडियानातल्या एका लहानशा ख्रिस्ती विद्यापीठाच्या बास्केटबॉल कोर्टवर. बाहेर गोठलेला बर्फ. आत रांगेनं मांडलेली टेबलं, प्रत्येक टेबलावर एकेका देशाचा कागदी झेंडा आणि वाडगाभर चॉकलेटं. माझी मुलगी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. तिचं जाड जाकीट घरी राहिलं होतं, ते द्यायला मी फोर्ट वेनहून गेलो होतो. ती म्हणाली, "बाबा, आत चल ना. पुढच्या वर्षी एक सेमिस्टर बाहेरच्या देशात करायचंय, बघू काय काय आहे ते." अमेरिकेत वाढलेल्या मुलांच्या तोंडी 'बाहेरचा देश' ऐकलं की मी क्षणभर गोंधळतो. बाहेरचा म्हणजे नेमका कुणाच्या बाहेरचा?

युगांडाच्या टेबलामागे बसलेल्या मुलीनं हातात एक पत्रक दिलं. राहायचे दोन मार्ग होते. एक, विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये. दुसरा, गावातल्या एखाद्या कुटुंबात. घर जे खाईल ते खायचं, घर जेव्हा झोपेल तेव्हा झोपायचं, सांगतील ती कामं करायची.

"म्हणजे वार," मी मराठीत म्हणालो.

"वॉर? युगांडात?" लेक दचकली. तिच्या मराठीत हा शब्द नव्हता. मग तिथंच, कोस्टारिकाच्या झेंड्यापाशी उभं राहून, तिला पणजोबांची सहा घरं सांगितली.

आमच्या घरातली मुलगी ख्रिस्ती विद्यापीठात कशी, हा प्रश्न शिकागोला मंडळाच्या गणपतीत मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. खरं उत्तर साधं आहे: शिष्यवृत्ती चांगली मिळाली, घरापासून तासाभराचा रस्ता, आणि तिला सोशल वर्क शिकायचं होतं. (इंजिनिअर बापाला हे पचायला एक अख्खा उन्हाळा गेला, पण तो वेगळा लेख आहे.) दुसरं एक उत्तर मी सहसा देत नाही. माझा जन्म मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये ते सुरू केलं. आमच्याकडे लोक नुसतं 'मिशन' म्हणायचे, आणि 'मिशनमध्ये ठेवलंय' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळायचं, दुखणं साधं नाही. त्यामुळे भिंतीवर क्रूस दिसला की मला फिनाइलचा वास येतो आणि धीर वाटतो. बायकोचं बालपण असं नव्हतं. तिला पहिली दोन वर्षं जरा धाकधूकच होती. मिरजेहून माझी आई दर फोनला विचारायची, "बाटली नाही ना रे?"

अशी विद्यापीठं एकाच साच्यातली असतात, असा माझाही समज होता. तसं नाही. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळीच श्रद्धेच्या आणि वागणुकीच्या करारावर सही लागते. काही ठिकाणी प्राध्यापकांना लागते, विद्यार्थ्यांना नाही. काही ठिकाणी ख्रिस्ती हे नावापुरतं आणि इतिहासापुरतं उरलेलं असतं. आमच्या लेकीचं विद्यापीठ मधलं. आठवड्यातून दोनदा चॅपलला बसायचं, बायबलचे दोन विषय घ्यायचे, बाकी तुमचं तुम्ही. ती चॅपलच्या कॉयरमध्ये गायला लागली. सूर चांगला होता आणि कॉयरच्या मुलांना दर आठवड्याला पिझ्झा मिळायचा.

त्या रात्री मी घरी येऊन एक्सेलची शीट उघडली. इंजिनिअर माणूस दुसरं काय करणार? एका विद्यापीठाचं पाहायला बसलो आणि सगळ्या देशाचं पाहून झालं. या ख्रिस्ती विद्यापीठांचे परदेशी सेमिस्टर म्हणजे एक अख्खी दुनिया आहे, आणि त्यातली प्रत्येक सोय मुलाला परक्या देशात किती परकं ठेवायचं याचं आपापलं उत्तर देते.

कॅलिफोर्नियातल्या मालिबूचं पेपरडाइन घ्या. त्यांनी १९६३ मध्ये जर्मनीत हायडलबर्गला कार्यक्रम सुरू केला. किल्ल्याच्या टेकडीवर विद्यापीठाचं स्वतःचं घर आहे, मुलं तिथं एकत्र राहतात. आमच्या जवळच्या वॅल्परायझोची केंद्रं तेव्हा होती इंग्लंडात केंब्रिजला आणि जर्मनीत रॉयटलिंगेनला. मिशिगनच्या कॅल्विनचा प्रकार आणखी वेगळा. त्यांचाच एखादा प्राध्यापक मुलांची तुकडी घेऊन घाना, होंडुरास किंवा हंगेरीला जायचा आणि सेमिस्टरभर तिथं राहायचा. मिनेसोटाच्या सेंट ओलाफमध्ये 'ग्लोबल सेमिस्टर' आहे, त्यात मुलं जगाला जवळजवळ प्रदक्षिणाच घालतात. मला ते जरा आपल्याकडच्या चारधाम बसयात्रेसारखं वाटलं. बस थांबते, दर्शन होतं, बस निघते. हा माझा खडूसपणा असेल. गेलेल्या मुलांचं लिहिलेलं वाचलं तर ती वेडी होऊन परत आलेली असतात.

पण मी ज्या पानावर थांबलो ते आमच्याच राज्यातलं, गोशेन कॉलेजचं. हे मेनोनाइट लोकांचं कॉलेज. शस्त्र न धरणारा, युद्धात न उतरणारा पंथ. १९६८ साली, म्हणजे व्हिएतनामच्या ऐन धुमाळीत, त्यांनी ठरवलं की आपल्या मुलांनी एक सत्र देशाबाहेर काढायचं. पहिल्या तुकड्या कोस्टारिका, जमैका आणि ग्वादलूपला गेल्या. अर्धं सत्र भाषा आणि देशाचा अभ्यास, उरलेलं अर्धं आडगावात जाऊन काम, आणि मुक्काम तिथल्या कुटुंबात. १९८० मध्ये त्यांची मुलं चीनमध्ये चेंगडूला पोचली होती, म्हणजे अमेरिका आणि चीनमध्ये राजनैतिक संबंध जुळल्याला जेमतेम एक वर्ष झालं होतं. मका, घोडागाड्या आणि कॅराव्हॅनचे कारखाने यांच्यामधल्या त्या कॉलेजावरून मी कामासाठी कितीदा गेलो असेन. आत डोकावलो नव्हतो.

लहान विद्यापीठांना हे सगळं एकट्यानं झेपत नाही. म्हणून ख्रिस्ती कॉलेजांच्या एका मोठ्या परिषदेनं सामायिक कार्यक्रम उभे केले, आणि लेकीच्या बास्केटबॉल कोर्टवरची बरीच टेबलं त्यांचीच होती. कोस्टारिकात सान होसे, तिथला कार्यक्रम १९८६ पासूनचा. इंग्लंडात ऑक्सफर्ड, तिथल्या पद्धतीनं दर आठवड्याला निबंध लिहून एकट्यानं प्राध्यापकासमोर बसायचं. मध्यपूर्वेचा आधी कैरोत होता, मग राजकारण हललं तसं त्याचं बिऱ्हाडही हललं. काही वर्षं भारतातही होता, कोइमतूरला. बायको म्हणाली, "भारतातच जायचं तर मिरजेला जा. आजीकडे फुकट राहशील, आणि रोज आजी परीक्षा घेईल ती वेगळीच."

माझ्या शीटमध्ये रकाने होते: खर्च, क्रेडिट, सुरक्षितता, हवामान. बायकोनं 'जेवण' हा रकाना वाढवला. लेकीनं तिच्या लॅपटॉपवरून सगळ्यात शेवटी एक रकाना घातला: 'कुणाच्या घरी?' बहुतेक ओळींत तिथं रेघ होती.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे पालक असतील. फॅफ्साचा फॉर्म भरून मिळणारी सरकारी मदत, विद्यापीठानं त्या कार्यक्रमाचे क्रेडिट मान्य केले असतील तर, परदेशी सेमिस्टरलाही चालते. विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती मात्र जशीच्या तशी सोबत येईलच असं नाही. आमच्याकडे ती निम्मीच आली, आणि हे कळायला तीन खिडक्या आणि सात ईमेल लागली. विमानाचं भाडं वेगळं. प्रत्येक विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरणार, हे जाण्याआधी कागदावर घ्यायचं. तोंडी होकारावर कुणी जाऊ नये. नर्सिंगच्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे विषय एकात एक अडकलेले असतात, त्यांना सेमिस्टर सोडणं जड जातं. ज्यांना जायचंय त्यांनी पहिल्या वर्षापासूनच तशी आखणी करावी. सोशल वर्कला ही अडचण फारशी आली नाही. युगांडाच्या कार्यक्रमात त्या विषयाची प्रत्यक्ष कामाची सोय होती, आणि तिचं मन तिथंच बसलं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: तुझ्या श्रद्धेनं तुला कसं घडवलं? दोन पानं लिहायची. लेक तीन दिवस अडली. चौथ्या दिवशी तिनं लिहिलं ते मला वाचायला दिलं नाही. एवढंच म्हणाली, "त्यात पणजोबांचा शनिवार आहे."

जाण्याचा दिवस जवळ येत होता तशी माझी उलघाल एका वेगळ्याच कारणानं वाढत होती. मिशन हॉस्पिटलात जन्मलेल्या माणसाला एक हिशेब टाळता येत नाही. १८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजातली पाच मुलं वादळात सापडली आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून प्रार्थना करू लागली. जगात जाऊन धर्म सांगायचा, असं त्यांनी तिथं ठरवलं. त्यातून १८१० मध्ये अमेरिकेतली पहिली परदेशी मिशन संस्था उभी राहिली, आणि तिची माणसं १८१३ च्या फेब्रुवारीत पोचली कुठे, तर आपल्या मुंबईत. त्यातला गॉर्डन हॉल त्याच कॉलेजचा पदवीधर. तो मराठी शिकला, मराठीत छापू लागला आणि १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीनं वारला. पुढे तेच अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखलं गेलं, अहमदनगरला त्याच्या शाळा झाल्या. म्हणजे अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजच्या मुलांनी परदेशी जाण्याची गोष्ट आमच्या भाषेतून जाते. फरक एवढाच की त्या मुलांच्या हातात द्यायला काहीतरी होतं. औषध, पुस्तक, देव. घेणारा नेहमी समोरचा.

आणि ती सवय अजून पुरती गेलेली नाही. अशा कार्यक्रमांची पत्रकं चाळा. काळ्या मुलाला कडेवर घेऊन हसणारी गोरी मुलगी कुठल्या ना कुठल्या पानावर भेटतेच. ते पत्रक मी लेकीपुढे धरलं. ती म्हणाली, "बाबा, म्हणून तर घर पाहिजे. घरात मी काय देणार? मला तर चूलसुद्धा पेटवता येत नाही."

२०१८ च्या जानेवारीत ती गेली. यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड, मलेरियाच्या गोळ्या, आणि बायकोनं भरलेली मेतकुटाची बरणी. मुकोनो हे गाव कंपालाच्या पूर्वेला वीस-एकवीस किलोमीटरवर, जिंजाच्या रस्त्यावर. तिथलं युगांडा ख्रिश्चन युनिव्हर्सिटी हे विद्यापीठ १९९७ मधलं, पण त्याच्या पोटात १९१३ पासूनचं बिशप टकर कॉलेज आहे. तिला एक घर मिळालं. आई शाळेत शिक्षिका, वडील बांधकामाच्या कामावर, चार मुलं, एक आजी.

पहिला फोटो आला तो रस्त्याचा. लालभडक माती. मी रत्नागिरीत आलोय की काय असं वाटलं. त्याच जांभ्याचा रंग, कडेला फणसाची झाडं. फणसाला तिथल्या लुगांडा भाषेत 'फेने' म्हणतात, ऐकायलाही फणसाच्या भावकीतलं. दुकानाला म्हणतात 'डूका'. चहाला चायी, चपातीला चपाती. चपातीत अंड्याची पोळी गुंडाळून रस्त्यावर विकतात, त्याचं नाव 'रोलेक्स'. घड्याळाशी संबंध नाही, 'रोल्ड एग्ज' भराभर म्हटलं की तसं ऐकू येतं. लेक लिहायची, घरापासून इतक्या लांब येऊन मला निम्मे शब्द आधीच येतात.

शब्द येत होते, पण तिची ओळख तिला वाटली होती तशी निघाली नाही. तिच्याबरोबरच्या गोऱ्या मुलांना पोरं 'मुझुंगू' म्हणून हाक मारायची. ती म्हणजे अमेरिकन, तिलाही तसंच म्हणतील असं तिनं धरलं होतं. तिला मात्र 'मुयिंदी' म्हणायचे, म्हणजे भारतीय. इंडियानात तिला उभ्या जन्मात इतक्यांदा भारतीय म्हटलं गेलं नसेल. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं तिला पहिल्याच आठवड्यात थांबवून विचारलं, "तुम्ही लोक परत आलात?" तिला काही कळेना. रात्री तिनं मला फोन केला, आणि मी तिला १९७२ सांगितलं. तिथला हुकूमशहा इदी अमीन यानं नव्वद दिवसांची मुदत देऊन भारतीय वंशाच्या हजारो लोकांना देशाबाहेर काढलं होतं. दुकानं, घरं, कारखाने सगळं ठेवून ती माणसं गेली. दुसऱ्या दिवशी ती त्या म्हाताऱ्याकडे गेली आणि सांगितलं, माझे आईवडील महाराष्ट्रातले, मी अमेरिकेतली, आमचं कुणी इथं नव्हतं. तो म्हणाला, ठीक आहे, पण तुझ्यासारखे दिसणाऱ्या एकाकडे मी नोकरीला होतो. मग तासभर त्या दुकानदाराबद्दल बोलला. सगळं चांगलंच बोलला असं नाही. उधारी मिळायची, पण दुकानाच्या मागच्या दाराच्या आत कधी जाऊ दिलं नाही, हेही सांगितलं.

जिंजाला नाईलच्या उगमापाशी गांधीजींचा अर्धपुतळा आहे. १९४८ मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग तिथं विसर्जित केला होता. वर्गाची सहल गेली तेव्हा नावाड्यानं बाकी सगळ्यांना सोडून तिलाच तिकडे नेलं. तिनं तिथला फोटो पाठवला नाही. वाटेवरच्या लुगाझीचा पाठवला. दोन्ही बाजूंना ऊस, मधून रस्ता, लांब धुराडं. तो साखर कारखाना नानजी कालिदास मेहतांनी १९२४ मध्ये काढला. अमीनच्या काळात गेला आणि पुढे घराण्याकडे परत आला. मी विचारलं, "मळीचा वास येतोय का?" उत्तर आलं, "गूळ जळल्यासारखा?" तोच. सांगलीकडून वारा आला की आमच्या शाळेत यायचा तोच. हा फोटो मी आईला दाखवला. आफ्रिका या शब्दानं महिनाभर झोप उडालेली माझी आई पडदा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "ऊस आहे होय? मग माणसं बरी असतील."

त्या घरातल्या मुली मोठ्यांना भेटताना गुडघे टेकतात. बुगांडातली, म्हणजे युगांडाच्या त्या भागातली रीत आहे ती. लेकीनं पहिले काही दिवस नुसतं पाहिलं, मग तीही टेकू लागली. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना आजी आत आली आणि ही फोन ठेवून झटकन खाली बसली. बायको बघत राहिली. "दिवाळीला नमस्कार कर म्हटलं की हिची पाठ वाकत नव्हती," ती नंतर मला म्हणाली. रागावली होती की खूश झाली होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. स्त्रियांनीच का टेकायचे, हा वाद लेकीनं तिथल्या मोठ्या बहिणीशी घातलाच. बहीण म्हणाली, तुझा मुद्दा बरोबर आहे, आधी चहा दे.

पण मला लागलेली गोष्ट वेगळी आहे. सहाव्या की सातव्या आठवड्यात तिचा संदेश आला: "आज मला शिळं दिलं." सुरुवातीला तिच्यासाठी वेगळं व्हायचं. मटोके म्हणजे केळीच्या पानात वाफवलेली हिरवी केळी, ती ताजी. शेंगदाण्याचं कालवण, कधी चपाती. बाकीची मुलं सकाळी रात्रीचं उरलेलं गरम करून चहाबरोबर खायची, हिच्यापुढे मात्र पाव आणि अंडं. त्या दिवशी आईला शाळेत जायची घाई होती. तिनं सगळ्यांच्या ताटल्यांत रात्रीचे बीन्स वाढले, पाचवी ताटली हिची. कुणी काही बोललं नाही. माझ्या लेकीनं त्या ताटलीचा फोटो पाठवला. बशीभर तपकिरी बीन्स. पदक मिळाल्यासारखा.

मी तो फोटो कारखान्याच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून पाहिला. मी अमेरिकेत १९९९ मध्ये आलो. पहिली दोन वर्षं चार मराठी-तेलुगू पोरांबरोबर अपार्टमेंटमध्ये, मग स्वतःचं घर. शेजाऱ्यांकडे अंगणातल्या बार्बेक्यूला गेलोय. 'सुपर बोल'चा फुटबॉल सामना पाहायला सोफ्यावर बसलोय, हातात कागदी प्लेट घेऊन. बर्फात त्यांचा ड्राइव्हवे साफ केलाय, त्यांनी माझा केलाय. भांडण नाही, दुरावा नाही. पण एकोणीस वर्षांत एकाही अमेरिकन घरात मी रात्री झोपलेलो नाही. त्यांच्या फ्रिजमधलं काल रात्रीचं कुणी मला वाढलेलं नाही, मीही कुणाला वाढलेलं नाही. माझ्या घरी गोरे पाहुणे येतात तेव्हा आम्ही सामोसे मागवतो आणि पनीर करतो. पिठलं कधी केलं नाही.

आजोबांच्या वारांचं मी फार गोड करून सांगतोय, हे मला कळतं. ती ताटं जात पाहून मांडली जायची. आजोबा ज्या वर्गात होते त्याच वर्गातल्या बाकीच्या मुलांना त्या सहा घरांचे उंबरे ओलांडता आले नसते. त्यांच्यासाठी कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. काहींना मिशनच्या बोर्डिंगनं जेवू घातलं. आणि ज्यांना ताट मिळालं त्यांनाही मिंधेपण चुकलं नव्हतं. शुक्रवारच्या तुपाबरोबरचे चार शब्द आजोबांनी आम्हाला कधीच पूर्ण सांगितले नाहीत.

उलट्या दिशेची वाहतूकही आपल्याकडे झालेली आहे. साठच्या दशकाच्या अखेरीपासून 'असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट' या संघाची मुलं पुण्यात शिकायला यायची, मराठी शिकायची आणि पुणेरी घरांत राहायची. त्यातली बरीच कॉलेजं चर्चनं काढलेली. आंबेडकरी चळवळीवर आयुष्यभर लिहिणाऱ्या एलिनॉर झेलियट जिथे शिकवायच्या ते कार्लटन कॉलेजही याच संघातलं. माझ्या आत्याच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडात अशीच एक मुलगी होती, ऐंशीच्या सुमारास. ती नळावर नंबर लावायची आणि "माझी बादली आहे हो!" असं स्वच्छ ओरडायची. आम्हा मुलांना ती सर्कस वाटायची. तिला पहिल्यांदा शिळं कधी वाढलं, हे समोरच्या काकूंना विचारायला हवं होतं. आता काकू नाहीत आणि वाडाही नाही.

एप्रिलअखेर लेक परत आली. पंधरा दिवस घरात सगळ्यांना कारणाशिवाय चहा करून देत होती. थंडीत गरम पाण्याचा शॉवर सोडून बादली भरून अंघोळ करायला लागली तेव्हा मी तिला म्हटलं, "हे मी सोडून आलो म्हणून तुला शॉवर मिळाला." तिनं ऐकून घेतलं आणि बादली भरली. तिकडची आई महिन्याला एकदा फोन करते. पहिल्या फोनला ती आणि बायको दोघी आपापल्या इंग्रजीत अर्धा तास बोलल्या, आणि त्यातली वीस मिनिटं ही मुलगी जेवत नाही याच्यावर गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विद्यापीठातून एक फॉर्म आला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत होस्टेलं बंद होतात, परदेशी विद्यार्थी अडकतात, गुरुवार ते रविवार कुणाला घरी ठेवून घेता येईल का? असा फॉर्म आधीही आला असणार. मी कधी उघडला नव्हता. घरात कुणी धूम्रपान करतं का, कुत्रा-मांजर आहे का, खाण्याचं काही पथ्य? मी भरत गेलो. बायकोनं यादी काढली: गुरुवारी पुरी-श्रीखंड, शुक्रवारी पुलाव आणि वड्या, शनिवारी छोले.

लेक फोनवर होती. "आई, इतकं नको. रविवारी सकाळी त्याला फोडणीची पोळी दे."

"पाहुण्याला फोडणीची पोळी?" बायको म्हणाली. मग जरा थांबून, "त्यासाठी शनिवारच्या पोळ्या उरायला हव्यात." आणि तिनं यादीत छोल्यांच्या खाली लिहिलं, कणीक जास्त.